एक तार तुटली तर? स्वस्त पण न कोलमडणाऱ्या जाळ्याची गोष्ट

हा या एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांना बसमध्ये, लोकलमध्ये ऐकताना मधलं काही सुटलं असेल किंवा आकडे नीट बघायचे असतील, त्यांच्यासाठी.

आजचा प्रश्न ऐकायला अगदी सोपा आहे. पाच गावं आहेत. ती एकमेकांना केबलनं जोडायची आहेत. पैसे कमी आहेत. आणि एखादी केबल तुटली तरी कुणी तुटता कामा नये. कोणती केबल टाकायची आणि कोणती नाही?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी शंभर वर्षं लागली आहेत. त्यात वीज कंपनी आहे, अणुयुद्धाची भीती आहे, एका टेलिफोन केंद्राला लागलेली आग आहे आणि मधेच डार्विनची उत्क्रांतीसुद्धा आहे. शेवटी ही गोष्ट आपल्या ग्रामपंचायतीच्या इंटरनेटपर्यंत येते. तर सुरुवातीपासून बघू.

आधी फक्त स्वस्त

साल १९२६. आजच्या चेक प्रजासत्ताकातला मोराव्हिया हा भाग. गावोगावी वीज पोचवायचं काम सुरू होतं. ओताकार बोरूव्का नावाचा एक तरुण गणिती ब्रनो शहरात होता. त्याच्या ओळखीतल्या, वीज कंपनीत काम करणाऱ्या यिंद्रिख साक्सेल यानं त्याला विचारलं, की सगळी गावं जोडायला कमीत कमी लांबीची तार कशी टाकायची?

बोरूव्कानं पद्धत शोधली. प्रत्येक गावानं आपल्या सगळ्यात जवळच्या गावाशी जोडून घ्यायचं. त्यातून गावांचे छोटे छोटे गट तयार होतात. मग प्रत्येक गटानं आपल्या सगळ्यात जवळच्या गटाशी जोडून घ्यायचं. असं करत करत सगळं एक होईपर्यंत चालू ठेवायचं. बस्स. तारेची एकूण लांबी याहून कमी होऊच शकत नाही, हे त्यानं सिद्ध केलं.

पुढे अमेरिकेत जोसेफ क्रस्कल यानं १९५६ साली आणि बेल लॅब्समधल्या रॉबर्ट प्रिम यानं १९५७ साली याच प्रश्नाच्या आपापल्या पद्धती मांडल्या. प्रिम टेलिफोन कंपनीचा माणूस, त्यामुळे त्याच्या डोक्यात फोनच्या लाइन होत्या. कॉम्प्युटर सायन्स शिकणाऱ्या मुलांना ही नावं परीक्षेपुरती तरी माहीत असतातच.

पण या सगळ्या उत्तरांत एक गोम आहे. हे जे सगळ्यात स्वस्त जाळं तयार होतं, ते झाडासारखं असतं. खोड, फांद्या, डहाळ्या. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला नेमका एकच रस्ता. एक फांदी तुटली, की तिच्या पुढचं सगळं गेलं.

आकड्यांत बघू. आपली पाच गावं घ्या. झाडासारखं जोडायला चार केबल लागतात. समजा प्रत्येक केबल कुठल्याही क्षणी चालू असण्याची शक्यता ९० टक्के आहे. सगळी गावं जोडलेली राहायला चारही केबल एकदम चालू हव्यात. म्हणजे ०.९ चारदा गुणायचं. उत्तर येतं ६५.६ टक्के. थोडक्यात, तीनातल्या एका वेळी कुणीतरी तुटलेलं!

आता फक्त एक केबल वाढवा आणि पाच गावांचं वर्तुळ करा. आता कुठलीही एक केबल तुटली तरी उलट्या बाजूनं फिरून जाता येतं. हिशेब केला तर आकडा ९१.९ टक्क्यांवर जातो. एका केबलनं केवढा फरक! सहावी केबल वर्तुळात आडवी टाकली, तर ९५.८ टक्के. आणि प्रत्येक गाव प्रत्येक गावाशी थेट जोडलं, म्हणजे दहाच्या दहा केबल टाकल्या, तर ९९.९ च्याही वर.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पहिली जादा केबल सोन्याची असते. दोन, त्यानंतरच्या प्रत्येक केबलचा फायदा कमी कमी होत जातो, पण खर्च मात्र तेवढाच राहतो. मग थांबायचं कुठे? हाच खरा प्रश्न.

शीतयुद्ध आणि एक गरम झालेली मोटर

२४ नोव्हेंबर १९६१. अमेरिकेच्या हवाई दलाचं ओमाहामधलं मुख्यालय. ग्रीनलंडमध्ये थुले इथे एक भलंमोठं रडार होतं, सोव्हिएत क्षेपणास्त्रं आली तर आधी कळावं म्हणून. त्या रात्री थुलेशी संपर्क अचानक तुटला. कोलोरॅडोमधल्या हवाई संरक्षण मुख्यालयाला फोन लावला, तर तीही लाइन बंद. दोन्ही एकदम बंद म्हणजे हल्ला तर नाही ना? बॉम्बफेकी विमानांच्या चालकांना विमानांकडे धावायचा हुकूम सुटला. शेवटी थुलेच्या वर घिरट्या घालणाऱ्या एका बी-५२ विमानाशी संपर्क झाला. खाली तळ जागेवर आहे, सगळं ठीक आहे, असं कळलं.

झालं काय होतं? कोलोरॅडोमधल्या एका रिले स्टेशनात एक मोटर जास्त तापली होती. कागदावर या लाइन वेगवेगळ्या होत्या, एक गेली तर दुसरी आहे असं सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात सगळ्या त्या एकाच स्टेशनातून जात होत्या.

ही घटना नीट लक्षात ठेवा. पुढे दोनदा परत येणार आहे. कागदावर दोन रस्ते असणं आणि जमिनीवर दोन रस्ते असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच काळात रँड कॉर्पोरेशन या संस्थेत पॉल बॅरन नावाचा इंजिनिअर याच काळजीवर काम करत होता. शत्रूनं काही केंद्रं उडवली तरी उरलेली केंद्रं एकमेकांशी बोलू शकतील, असं जाळं कसं करायचं? १९६४ साली त्याचे अहवाल प्रसिद्ध झाले. त्यातलं एक चित्र आज जगभर फिरतं. पहिल्या आकृतीत सगळ्या तारा एका मध्याला जोडलेल्या, चांदणीसारख्या. दुसऱ्यात अशा बऱ्याच चांदण्या एकमेकींना जोडलेल्या. तिसऱ्यात कोळ्याच्या किंवा मासेमारीच्या जाळ्यासारखी वीण, जिला मध्यच नाही.

बॅरननं नुसतं चित्र काढलं नाही. त्यानं कॉम्प्युटरवर १८ बाय १८, म्हणजे ३२४ केंद्रांचं जाळं मांडलं आणि त्यातली केंद्रं नशिबाच्या भरवशावर उडवून बघितली. निष्कर्ष थक्क करणारा होता. केंद्रांच्या जेमतेम तिप्पट दुवे असले, की जाळं जवळजवळ आदर्श जाळ्याइतकं टिकाऊ होतं. त्याहून जास्त दुवे घालून फारसा फायदा नाही. आणि यासाठी प्रत्येक दुवा महागडा, कधीच न बिघडणारा असण्याची गरज नाही. स्वस्त, साधे दुवे घ्या, पण विणा नीट.

टेलिफोन कंपनीच्या लोकांना हे काही पटलं नाही. त्यांची सगळी पद्धत मोठ्या, भक्कम केंद्रांवर उभी होती. बॅरनचं जाळं त्या रूपात कधी बांधलं गेलं नाही. पण संदेशाचे छोटे तुकडे करून वेगवेगळ्या वाटांनी पाठवायची त्याची कल्पना टिकली. ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यानंही ती स्वतंत्रपणे मांडली आणि ‘पॅकेट’ हा शब्द त्याचाच.

अर्पानेट आणि लाइनची अदलाबदल

१९६९ साली अर्पानेट सुरू झालं. ‘इंटरनेट अणुबॉम्बसाठी बनवलं’ असं व्हॉट्सॲपवर वाचलं असेल, तर ते सोडून द्या. अर्पानेट मुख्यतः विद्यापीठांतले महागडे कॉम्प्युटर एकमेकांना वापरता यावेत म्हणून होतं. पण त्याचा आराखडा करणाऱ्यांपुढे आपलाच प्रश्न होता. भाड्याच्या टेलिफोन लाइन, सेकंदाला ५० किलोबिटच्या, आणि भाडं मैलावर. कोणत्या घ्यायच्या?

हे काम हॉवर्ड फ्रँक आणि त्याच्या नेटवर्क ॲनॅलिसिस कॉर्पोरेशन या कंपनीकडे आलं. गंमत म्हणजे फ्रँकनं त्याआधी मेक्सिकोच्या आखातात समुद्राखालच्या गॅस पाइपलाइनच्या आराखड्यावर काम केलं होतं. पाइप असो की केबल, गणित सारखंच!

त्यांनी १९७० साली मांडलेली अट अशी होती, की कुठल्याही दोन केंद्रांमध्ये एकमेकांना न छेदणारे किमान दोन रस्ते हवेत. मग सुरुवातीचा एक आराखडा घ्यायचा. त्यातली एक लाइन काढायची, दुसरीकडे एक टाकायची. अट अजून पाळली जाते का? खर्च कमी झाला का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर बदल ठेवायचा, नाहीतर परत फिरायचं. असं हजारो वेळा.

ही पद्धत चांगली चालली. पण तिची मर्यादा समजून घ्या. दाट धुक्यात सह्याद्रीत ट्रेकला गेलात आणि ठरवलंत, की प्रत्येक पाऊल फक्त वरच टाकायचं. तुम्ही एखाद्या टेकडीच्या माथ्यावर नक्की पोचाल. पण ते कळसूबाई असेलच असं नाही. त्या टेकडीवरून कुठेही पाऊल टाकलं तरी ते खालीच जातं, म्हणून तुम्ही तिथेच बसून राहाल. नेटवर्कच्या आराखड्याचंही तसंच. एक लाइन बदलून सुधारणा होत नाही, पण एकदम पाच लाइन बदलल्या तर कदाचित खूप चांगला आराखडा मिळाला असता.

मग सगळे आराखडे तपासून का बघू नयेत? मोजू या. पाच गावांमध्ये शक्य असलेल्या केबल दहा. प्रत्येक केबल टाकायची किंवा नाही, म्हणजे एकूण आराखडे १,०२४. हे तुमचा मोबाइल डोळ्याची पापणी लवायच्या आत करेल. दहा गावं घ्या. शक्य केबल ४५ होतात आणि आराखडे सुमारे ३५ लाख कोटी. सेकंदाला दहा लाख आराखडे तपासले तरी वर्षाहून जास्त काळ लागेल. वीस गावं? १९० केबल आणि आराखड्यांची संख्या ५८ आकडी. विश्वाचं वयही पुरणार नाही.

त्यात आणखी एक काच आहे. एकच आराखडा हातात असला, तरी तो किती भरवशाचा आहे हे अचूक मोजणंसुद्धा मोठ्या जाळ्यासाठी भयंकर अवघड आहे. मायकल बॉल आणि स्कॉट प्रोव्हन यांनी १९८३ साली हे सिद्ध केलं. म्हणजे शोधणं कठीण, आणि सापडलेलं तपासणंही कठीण.

उत्क्रांतीकडून उसनी घेतलेली युक्ती

इथे आपल्या गोष्टीत मिशिगन विद्यापीठातला जॉन हॉलंड येतो. त्यानं रोनाल्ड फिशर या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाचं १९३० सालचं, नैसर्गिक निवडीचं गणित सांगणारं पुस्तक वाचलं होतं. त्याच्या मनात आलं, की उत्क्रांती गणितात बसवता येते, तर कॉम्प्युटरमध्ये का नाही? १९७५ साली त्याचं ‘ॲडॅप्टेशन इन नॅचरल अँड आर्टिफिशियल सिस्टिम्स’ हे पुस्तक आलं. जेनेटिक अल्गोरिदमचा पाया तिथे पक्का झाला. त्याच्याही आधी बर्लिनमध्ये इंगो रेशेनबर्ग आणि हान्स-पॉल श्वेफेल वाऱ्याच्या बोगद्यात यंत्राचे आकार ‘उत्क्रांत’ करत होते, हेही सांगायला हवं. कल्पना एकाच डोक्यात येत नाहीत.

हॉलंडचं पुस्तक सुरुवातीला फार लोकांनी मनावर घेतलं नाही. ते कामाला लावलं डेव्हिड गोल्डबर्ग या सिव्हिल इंजिनिअरनं. १९८३ सालचा त्याचा प्रबंध कशावर होता माहितीये? गॅस पाइपलाइन! पुन्हा पाइपलाइनच. १९८५ साली जेनेटिक अल्गोरिदमची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद पिट्सबर्गला झाली. १९८७ सालच्या दुसऱ्या परिषदेत लॉरेन्स डेव्हिस आणि सुझन कूम्स यांनी कम्युनिकेशन नेटवर्कवरचं काम मांडलं. जाळ्यातल्या कोणत्या लाइनला किती वेग घ्यावा, हे ठरवायला त्यांनी ही पद्धत वापरली.

आता पद्धत बघू. दहा गावं, ४५ शक्य केबल. ४५ खोक्यांची एक ओळ काढा. केबल टाकायची असेल तर खोक्यात १, नाहीतर ०. ही ओळ म्हणजे त्या आराखड्याची ‘जनुकं’.

पहिली पायरी: अशा शंभरेक ओळी कशाही भरा. ही पहिली पिढी. यातले बहुतेक आराखडे टुकार असणार. काही हरकत नाही.

दुसरी पायरी: प्रत्येक आराखड्याला गुण द्या. खर्च कमी तर गुण जास्त. पण भरवसा ठरवलेल्या पातळीच्या खाली गेला, तर दंड लावा.

तिसरी पायरी: चांगल्या गुणांच्या आराखड्यांना आई-बाप व्हायची संधी जास्त द्या. दोन ओळी घ्या, एका ठिकाणी कापा आणि पहिलीचा डावा भाग दुसरीच्या उजव्या भागाला जोडा. झालं बाळ. एका पालकाला कोकण बाजूची जोडणी छान जमली होती, दुसऱ्याला घाटावरची. पोराला दोन्ही मिळू शकतात.

चौथी पायरी: अधूनमधून एखाद्या खोक्यातला ० चा १ करा किंवा १ चा ०. हे उत्परिवर्तन. नाहीतर सगळे एकाच साच्याचे होतात आणि आपण पुन्हा त्याच टेकडीवर अडकतो.

मग दुसरी पिढी, तिसरी, शंभरावी. धुक्यातल्या ट्रेकचंच उदाहरण घ्या. आता एकटा माणूस चढत नाहीये. शंभर जण वेगवेगळ्या टेकड्यांवर आहेत आणि एकमेकांना हाका मारून वाटा सांगतायत.

आगीनं दिलेला धडा

तुम्ही म्हणाल, हे सगळं विद्यापीठातलं. कंपन्यांना याची गरज कधी वाटली?

८ मे १९८८. अमेरिकेतला मदर्स डे, रविवार. शिकागोजवळच्या हिन्सडेल गावातल्या टेलिफोन केंद्राला आग लागली. सुट्टीच्या दिवशी तिथे कामावर कुणी नव्हतं. सुमारे ३५ हजार ग्राहकांचे फोन गेले. पण ते केंद्र आजूबाजूच्या भागाचाही मोठा चौक होतं. त्यामुळे लांब पल्ल्याचे फोन, कंपन्यांच्या डेटा लाइन, शिकागोच्या विमानतळांच्या हवाई वाहतुकीच्या लाइन, सगळ्यालाच झळ बसली. सेवा पूर्ण सुरळीत व्हायला काही आठवडे लागले.

यामागे फायबरचा वाटा होता. तांब्याच्या जाड केबलच्या जागी केसासारखी काच आली. एकाच फायबरमध्ये हजारो कॉल मावू लागले, म्हणून सगळं थोड्याच लाइनमधून आणि थोड्याच केंद्रांतून नेणं स्वस्त पडू लागलं. पैशाच्या हिशेबानं जाळं पुन्हा झाडासारखं होऊ लागलं होतं. बोरूव्काचं झाड! फक्त आता एका फांदीवर अख्खं शहर लटकलेलं.

त्यानंतर फायबरची वर्तुळं टाकण्यावर आणि दोन स्वतंत्र रस्त्यांच्या आराखड्यांवर जोरात काम सुरू झालं. १९९३ साली जान, ह्वांग आणि चेंग यांनी ‘भरवसा इतका हवा, आता सगळ्यात स्वस्त जाळं सांगा’ या प्रश्नाची अचूक उत्तर देणारी पद्धत मांडली. पण केंद्रं वाढली की अचूक पद्धतीला फार वेळ लागतो. १९९५ साली अनुप कुमार, राकेश पाठक आणि यश गुप्ता यांनी आहे ते जाळं वाढवताना भरवसा कसा वाढवायचा, यासाठी जेनेटिक अल्गोरिदम वापरला. १९९७ साली तुर्कस्तानातल्या बेर्ना देन्गिझ आणि फुल्या अल्तिपारमाक यांनी अमेरिकेतल्या अॅलिस स्मिथ यांच्यासोबत या विषयावरचं नावाजलेलं काम प्रसिद्ध केलं.

त्यांची हुशारी तपासणीत होती. भरवसा मोजणं महाग आहे ना? मग आधी स्वस्तातल्या चाळण्या लावा. पहिली चाळणी: सगळी केंद्रं मुळात जोडलेली आहेत का? दुसरी: प्रत्येक केंद्राला किमान दोन दुवे आहेत का? तिसरी: भरवसा जास्तीत जास्त किती असू शकतो, याचा झटपट अंदाज. यातून जे पार होतील, त्यांचाच खरा हिशेब करायचा. आणि तोही सूत्रानं नाही, तर हजारो वेळा खोटं खोटं बिघडवून. कॉम्प्युटर प्रत्येक दुव्यासाठी जणू नाणं उडवतो, जाळं टिकलं का बघतो, आणि शंभरातून किती वेळा टिकलं ते मोजतो. ओळखीचं वाटतंय? बॅरननं साठच्या दशकात हेच केलं होतं.

खर्च की भरवसा? दोन्ही मांडा

अजून एक अडचण उरली होती. ‘भरवसा ९५ टक्के हवा’ हे ठरवणार कोण? ९५ च का? ९३ घेतलं तर किती पैसे वाचतील?

इथे आपल्या देशातलं नाव येतं. कल्याणमय देब. गोल्डबर्गच्या हाताखाली पीएच.डी. करून आलेले, त्या वेळी आयआयटी कानपूरमध्ये शिकवणारे. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर एनएसजीए-टू नावाची पद्धत तयार केली. तिच्यावरचा लेख २००२ साली आला आणि तो या क्षेत्रातल्या सगळ्यात जास्त संदर्भ दिल्या जाणाऱ्या लेखांपैकी एक आहे. ही पद्धत नेटवर्कपुरती नाही. पूल, इंजिन, धरणाचं पाणी, काहीही.

तिची गंमत अशी, की ती एक उत्तर देत नाही. उत्तरांची रांग देते. हा आराखडा सगळ्यात स्वस्त पण नाजूक. हा थोडा महाग पण बराच भक्कम. हा सगळ्यात भक्कम पण खिसा रिकामा करणारा. रांगेतल्या कुठल्याही आराखड्यात एक गोष्ट सुधारायची तर दुसरी बिघडवावीच लागते. मशीन इथे थांबतं. रांगेतलं कुठलं निवडायचं, हे माणसांनी ठरवायचं.

माझ्या मते या शंभर वर्षांच्या गोष्टीतली ही सगळ्यात प्रामाणिक पायरी आहे. कारण ‘परवडत नाही’ असं म्हणून विषय संपवता येत नाही. कुणासाठी परवडत नाही, आणि किती पैशात किती गावं वाचली असती, हे समोरच्या कागदावर दिसतं.

मशीनला न सांगितलेली गोष्ट

आता कौतुक पुरे. जेनेटिक अल्गोरिदम सगळ्यात चांगलं उत्तर देईलच, याची हमी नाही. तो चांगलं उत्तर देतो, बहुतेक वेळा खूप चांगलं. पण ‘याहून भारी नाहीच’ असं शपथेवर सांगू शकत नाही. म्हणून लहान उदाहरणांत त्याचं उत्तर अचूक पद्धतीशी ताडून बघतात.

पण मोठा धोका वेगळाच आहे. तुम्ही जे गुण द्याल, तेच तो वाढवतो. दोन केबल वेगळ्या आहेत असं त्याला सांगितलंत, तर तो त्या वेगळ्या धरणार. त्या एकाच चरातून जातायत, एकाच पुलाखालून जातायत, हे त्याला कसं कळणार? जेसीबीचा एक फावडा आणि दोन्ही गेल्या.

३० जानेवारी २००८ ला हेच झालं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबल एकाच दिवशी तुटल्या. दोन्ही मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या. नकाशावर दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन वेगळ्या रेषा, पण तिथे समुद्रात शेजारी शेजारी. भारताची बाहेर जाणारी साधारण निम्मी इंटरनेट क्षमता काही काळ गेली. कॉल सेंटर आणि आयटी कंपन्यांची धावपळ उडाली. पण पूर्ण अंधार झाला नाही. का? कारण पूर्वेकडून, सिंगापूरच्या बाजूनं जाणारा रस्ता चालू होता. १९६१ ची तापलेली मोटर आठवली ना? कागदावरचे दोन रस्ते. फरक एवढाच, की या वेळी जमिनीवर तिसरा रस्ता खरोखरच होता.

आपल्या गावापर्यंत

शेवटी घराजवळ येऊ. २०११ साली केंद्र सरकारनं ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. सुरुवातीच्या आराखड्यात तालुक्याच्या ठिकाणाहून ग्रामपंचायतीकडे जाणारी फायबर मुख्यतः सरळ रेषेतली, फांदीसारखी होती. स्वस्त आणि लवकर होणारी. पण रस्ता रुंदीकरणात फायबर एका ठिकाणी तुटली, की पुढच्या सगळ्या ग्रामपंचायती बंद. सातबारा, दाखले, बँकेचं काम, सगळं ठप्प. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं सुधारित भारतनेट मंजूर केलं, सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांचं. त्यातला एक मुख्य बदल कोणता? तालुका ते ग्रामपंचायत जोडणी आता वर्तुळात करायची.

म्हणजे ६५.६ टक्क्यांवरून ९१.९ टक्क्यांवर नेणारी तीच ती एक जादा केबल! अर्थात खऱ्या जगातले आकडे वेगळे असतात, पण तत्त्व तेच.

लांबच्या गावाची अडचण नेहमी हीच असते. जाळ्याच्या टोकाला असल्यामुळे त्याला दुसरी केबल द्यायला सगळ्यात जास्त खर्च येतो. आणि माणसं कमी म्हणून हिशेबात त्याचं वजन सगळ्यात कमी. एकूण खर्च आणि एकूण भरवसा एवढंच बघणारा कुठलाही अल्गोरिदम त्या गावाला शेवटी ठेवणार. त्यात मशीनचा दुष्टपणा नाही. ‘प्रत्येक गावाला दोन रस्ते’ ही अट आपण लिहिली तरच ती पाळली जाते. हॉवर्ड फ्रँकनं १९७० साली ती लिहिली होती. आपल्याकडे ती २०२३ च्या कागदावर आली.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या भागात फायबर टाकायला चर खणताना दिसला, तर ‘स्पीड किती मिळणार’ एवढंच विचारू नका. ‘ही तुटली तर दुसरी कुठून येते?’ हे विचारा. आणि उत्तर ‘आहे दुसरी लाइन’ असं आलं, तर अजून एक प्रश्न विचारा: ‘ती याच चरातून तर नाही ना?’

ज्यांना कोडिंग येतं त्यांच्यासाठी गृहपाठ. पाच गावांचे सगळे १,०२४ आराखडे तपासणारा छोटा प्रोग्रॅम लिहा, प्रत्येक केबल ९० टक्के चालू धरून. पाच केबलमध्ये सगळ्यात भक्कम कोणता आराखडा येतो ते बघा. मग दहा गावांवर जेनेटिक अल्गोरिदम चालवा. काय सापडलं ते कॉमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.